डेकखाली मेलेला स्कंक आणि न जाणारा वास – तातडीने मदत हवी

शेवंती_०७ | २० मे, रात्री ९:१२

मंडळी, जरा घाईत लिहितेय.

आम्ही मध्य न्यू जर्सीत राहतो. घरामागे लाकडी डेक (जमिनीपासून जरा उंच, फळ्यांचा ओटा), त्याला लागून भाजीचे तीन वाफे. आई गेल्या महिन्यात सांगलीहून आली आहे. रविवारी पहाटे साडेचारला तिने मला गदागदा हलवून उठवलं, "ऊठ गं, सिलिंडर लीक झालाय!" इथे सिलिंडर नसतो, पाइपचा गॅस असतो, हे सांगण्याइतकी जाग येईपर्यंत तो वास माझ्याही नाकात शिरला. जळकं रबर, सडका लसूण आणि शिवाय घशात जाऊन बसणारं काहीतरी. अख्खं घर नाइट ड्रेसवर अंगणात. गॅस कंपनीचा माणूस वीस मिनिटांत आला, यंत्र फिरवलं, डेकच्या कोपऱ्याकडे बघून "स्कंक" एवढंच म्हणाला आणि गेला. (इकडचा काळा-पांढरा, मांजराएवढा प्राणी, घाबरला की भयंकर वासाचा फवारा मारतो.)

दोन दिवस वाटलं, मारला असेल फवारा, जाईल वास. आज त्यात दुसरा वास मिसळला. हा मात्र आपल्या ओळखीचा, कपाटामागे उंदीर मरून पडल्यावर येतो तो. चकली (आमची कुत्री, बीगल) डेकखाली डोकं घालून बसली होती. ओढून काढली तर मिशांना काळे-पांढरे केस. नवऱ्याने टॉर्च मारला. पांढरा पट्टा, आणि माशाच माशा.

टाउनशिपला (इथल्या नगरपालिकेला) फोन केला. रस्त्यावर असता तर उचलला असता, तुमच्या हद्दीत आहे म्हणजे तो तुमचा, असं उत्तर मिळालं. एक खाजगी माणूस नुसता उचलायचे चारशे डॉलर सांगतोय. आपला आपण काढता येईल का? चकलीचं काय करू? आणि त्याच कोपऱ्यात आईने पेरलेली मेथी बोटभर वर आली आहे, ती खायची की नाही यावर घरात दोन तट पडलेत.

बागुलबुवा | २० मे, रात्री ९:३१

चकलीला टोमॅटोच्या रसात आंघोळ घाला. आमच्या शेजारच्या गोऱ्या आजोबांचा हमखास उपाय. उरलेल्या रसाचं सार करू नका म्हणजे झालं. (दिवा घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

गंधकधारी | २० मे, रात्री १०:०५

बागुलबुवा, दिवा घेतला, पण टोमॅटोने वास जात नाही. आपलं नाक त्या वासाला कंटाळतं, मग त्याला फक्त टोमॅटो कळतो. नुकताच बाहेरून आलेला पाहुणा मात्र दारातच थबकतो. मी १२ वर्षांपूर्वी सहा डबे वाया घालवलेत, आणि पांढरा कुत्रा गुलाबी झाला तो वेगळाच.

शेवंती, आईंना हसू नका. त्या बरोबर होत्या. गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम मरकॅप्टन नावाचं गंधकाचं संयुग घालतात, आपल्याकडच्या सिलिंडरमध्येही आणि इथल्या पाइपमध्येही. १९३७ मध्ये टेक्ससमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत वास नसलेला गॅस साठून स्फोट झाला, जवळपास तीनशे जीव गेले, बहुतेक मुलं. त्यानंतर इथे गॅसला वास घालणं सक्तीचं होत गेलं. स्कंकच्या फवाऱ्यातली थायॉल याच कुळातली. त्यामुळे शंका आली की आधी घराबाहेर पडायचं आणि बाहेरून फोन करायचा, तुम्ही केलंत तसंच. "स्कंकच असेल" म्हणून पुन्हा झोपायचं नाही.

आता वासाचं. थायॉल अब्जात दहा भाग असली तरी माणसाला कळतात. वर ती तेलकट, नुसत्या पाण्याला दाद देत नाहीत. अत्तर, उदबत्ती, लिंबू, व्हिनेगर यांनी वासावर वास चढतो, बस. थायॉलला ऑक्सिजन दिला तरच ती बदलतात आणि वास मरतो. पॉल क्रेबॉम नावाच्या इलिनॉयमधल्या रसायनतज्ज्ञाने याची घरगुती कृती काढली आणि १९९३ मध्ये ती 'केमिकल अँड इंजिनिअरिंग न्यूज'मध्ये छापून आली. तो प्रयोगशाळेतला हायड्रोजन सल्फाइडचा वास पेरॉक्साइडने मारत असे. एका सहकाऱ्याच्या मांजराला स्कंकने भिजवलं, तेव्हा तेच जरा सौम्य करून दिलं.

कृती: ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड एक क्वार्ट (औषधाच्या दुकानातल्या १६ औंसाच्या दोन तपकिरी बाटल्या, साधारण साडेनऊशे मिली), पाव कप खाण्याचा सोडा, एक-दोन छोटे चमचे भांडी घासायचं लिक्विड. उघड्या बादलीत ढवळा आणि फसफसत असतानाच वापरा. कुत्रीला आधी पाण्याने भिजवू नका, कोरड्या केसांवरच हे चोळा. डोळ्यांत, तोंडात जाऊ देऊ नका. पाच मिनिटं ठेवून कोमट पाण्याने धुवा. काळे केस थोडे तपकिरी होऊ शकतात.

उरलेलं बाटलीत भरून झाकण लावायचं नाही, ऑक्सिजन सुटत राहतो आणि बाटली फुटते. म्हणूनच हे मिश्रण दुकानात तयार मिळत नाही. बिचाऱ्याला त्यातून पैसे करता आले नाहीत.

शेवंती_०७ | २० मे, रात्री १०:१४

धन्यवाद!! बेकिंग पावडर चालेल का? घरात तीच आहे.

गंधकधारी | २० मे, रात्री १०:१६

नाही. सोडाच हवा.

श्वानसखी | २० मे, रात्री १०:४०

थांबा. आंघोळीच्याही आधी एक महत्त्वाचं. मी व्हेटच्या (प्राण्यांच्या डॉक्टरांच्या) दवाखान्यात काम करते.

मिशांना केस म्हणजे चकलीने तोंड लावलंय. इथे स्कंक, रकून, कोल्हे आणि वटवाघळं हे रेबीज पसरवणारे मुख्य प्राणी. मेलेल्या प्राण्याच्या लाळेत आणि मेंदूत विषाणू काही काळ टिकतो. तेव्हा:

चकलीला हाताळताना रबरी हातमोजे घाला, तुमच्या हातांवर चिरा-जखमा असतील तर तिला दुसऱ्या कोणाकडे द्या. उद्या सकाळी व्हेटला आणि टाउनशिपच्या आरोग्य खात्याला फोन करा. उचलणारे वेगळे, आरोग्यवाले वेगळे. त्यांना "मेलेला स्कंक आहे" असं सांगू नका, "कुत्रीने मेलेल्या स्कंकला तोंड लावलंय" असं सांगा. या एका वाक्याने संभाषण बदलतं. त्यांना तपासणीसाठी डोकं हवं असेल तर ते शाबूत लागतं, कारण तपासणी मेंदूची होते. म्हणून त्यांच्याशी बोलल्याशिवाय पुरू नका, आणि फावड्याने डोक्यावर घाव तर अजिबात नको.

आणखी एक. अंगावर खूप फवारा बसलेल्या कुत्र्यांमध्ये क्वचित रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. दोन-तीन दिवस हिरड्यांकडे लक्ष ठेवा. फिकट पडल्या, लघवी तपकिरी झाली, कुत्री मलूल वाटली, तर थेट इमर्जन्सी.

शेवंती_०७ | २१ मे, दुपारी १२:५०

श्वानसखी, तुमचे पाय कुठे आहेत? तेच वाक्य म्हटलं आणि आरोग्य खात्यातल्या बाईंनी लगेच सगळं लिहून घेतलं. प्राणी तीन-चार दिवसांचा, उन्हात फुगलेला, मेंदू तपासण्यासारखा उरला नसेल, असं त्या म्हणाल्या. चकलीची रेबीजची लस चालू आहे. तरी व्हेटने आजच बूस्टर दिला आणि ४५ दिवस घरीच नजरेखाली ठेवायला सांगितलं.

मिश्रणाने तिचा वास नव्वद टक्के गेला. उरलेला दहा टक्के कानामागे आहे.

रानवाटा | २१ मे, दुपारी १:२२

कोणीच विचारलं नाही म्हणून विचारतो. मादी होती का?

मे महिना चालू आहे. स्कंकची जोडी फेब्रुवारी-मार्चमध्ये जमते, पिल्लं मे-जूनमध्ये होतात. डेकखाली मादी मेली असेल तर आत पिल्लं असू शकतात. दुपारी आणि तिन्हीसांजेला डेकवर पालथं पडून कान लावा, चिमणीसारखं चीं-चीं येतं का बघा. आलं तर हात घालू नका, पिल्लंही फवारतात. राज्याचा परवाना असलेल्या वन्यजीव पुनर्वसनवाल्यांना फोन करा. रेबीजमुळे सगळेच स्कंक घेत नाहीत, ते आधी विचारा.

तोवर भोक बुजवू नका! अर्धी मंडळी इथेच चुकतात. वास आला की जाळी ठोकतात, आतलं जिवंत आतच मरतं आणि मग पुन्हा पहिल्यापासून.

आत काही ये-जा करतंय का हे बघायचं तर भोकाच्या तोंडाशी पीठ भुरभुरवून ठेवा आणि सकाळी ठसे बघा.

माडाची_वाडी | २१ मे, दुपारी १:५८ (म्हणजे तुमची. इकडे रात्रीचे साडेअकरा वाजायला आले.)

राजापुराहून वाचतोय. आमच्याकडे स्कंक नाही, पण माळ्यावर उदमांजर मरतं तेव्हा घर सोडून जावंसं वाटतं. माझी आजी म्हणायची, जिवंतपणी शिजत्या आंबेमोहराचा वास आणि मेल्यावर सात जन्मांचा. आम्ही कळीचा चुना टाकायचो. शेवंतीताईंनी पोतंभर चुना ओतावा, आठवड्यात विरघळून जाईल.

ता. क. इकडचं कोणी वाचत असेल तर, मेलेली घोरपड, उदमांजर वगैरे सापडलं तर आता परस्पर पुरायचं नाही हो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे मेलेला वन्यप्राणीही सरकारी मालमत्ता. वनखात्याच्या १९२६ या नंबरला फोन करायचा. आम्हाला हे उशिरा कळलं.

गंधकधारी | २१ मे, दुपारी २:१०

चुन्याने वास दबतो, माशा कमी होतात, पण विरघळत वगैरे काही नाही. उलट कुजणं मंदावतं, मढं जास्त दिवस टिकतं. शिवाय कळीचा चुना ओलाव्याने तापतो, हात भाजतात, आणि वाफ्याच्या मातीचा सामूही बिघडतो. मढं उचलायचंच असेल तर चुना नको. वरून तेच पेरॉक्साइडचं मिश्रण ओता, मग मांजराची माती (किटी लिटर) टाका, ती रस शोषते.

बागुलबुवा | २१ मे, दुपारी २:३०

मागच्या झाडाखाली पुरून टाका की. फुकट खत.

रानवाटा | २१ मे, दुपारी २:४१

पुरता येईल, टाउनशिपचा नियम विचारून. पण खड्डा दोन-तीन फूट तरी हवा, नाहीतर रकून रात्रीत उकरून अंगणात मांडून ठेवतो. भाजीच्या वाफ्यापासून आणि विहिरीपासून लांब. आणि खणण्याआधी ८११. फुकट आहे. तीन कामाचे दिवस आधी फोन केला की गॅस, वीज, केबलवाले येऊन जमिनीवर रंगाने खुणा करून जातात. एका स्कंकसाठी खणताना गॅसची लाइन तोडलीत तर आईंची पहाटेची हाक खरी व्हायची.

एवढं करण्यापेक्षा दोन जाड पिशव्या आणि कचऱ्याचा दिवस.

शेवंती_०७ | २१ मे, रात्री ९:५५

काढला!!! सविस्तर लिहिते, पुढच्याला उपयोग होईल.

दुपारी कान लावला, तिन्हीसांजेला पुन्हा लावला. काही आवाज नाही. सात वाजता नवरा जुने कपडे, रेनकोट, पोहायचा गॉगल आणि मास्क अशा अवतारात उतरला. मास्कच्या आत आईने विक्स फासून दिलं होतं. आधी पाण्याच्या झारीने मिश्रण ओतलं, झारीच कारण स्प्रेची बंद बाटली नको असं गंधकधारींनी बजावलं होतं. दहा मिनिटं थांबलो. किटी लिटरची अर्धी पिशवी वर. मग लांब दांड्याचा बागेतला दाताळा घेऊन हळूहळू, ओढायचं पण दाबायचं नाही. शेपटीखालच्या ग्रंथी मेल्यावरही भरलेल्या असतात. एकदा दाताळ्याचा दात पोटात रुतला आणि असा आवाज आला की मी जेवणार नाहीये आज. फावड्यावर घेतला, बांधकामाच्या कचऱ्याच्या जाड काळ्या पिशवीत, तिला गाठ, ती दुसऱ्या पिशवीत, तिलाही गाठ. खालची दोन इंच मातीही उचलली. आपल्या बोकोबाएवढा होता. वजन मात्र काहीच नाही.

कचरा गाडी परवा आहे. तोवर झाकणाच्या डब्यावर दोन विटा.

मादी की नर ते बघायची हिंमत झाली नाही, रानवाटा, सॉरी.

पिठाऐवजी आईने रांगोळी टाकली आहे. "पीठ मुंग्या खातील," म्हणाली. भोकासमोर अर्धवर्तुळ, एकसारखं, बोटांतून सोडलेलं. सवयीने कडेला चार ठिपकेही काढलेत.

ओंजळभर_मेथी | २२ मे, सकाळी ८:२०

तुमच्या मेथीबद्दल. ज्या पानांवर फवारा, तो रस किंवा मिश्रण पडलंय ती उपटून कचऱ्यात, कंपोस्टमध्ये नाही. जनावरांच्या लघवीतून लेप्टो येतो हे मुंबईच्या पावसाळ्यात आपण शिकलोच आहोत, आणि स्कंक-रकूनही तो वाहतात. लांबच्या टोकाची मेथी धुऊन, शिजवून खा. मी असते तर तो कोपरा यंदा झेंडूला दिला असता.

शेवंती_०७ | २२ मे, रात्री ८:०५

आज दिवसभर पाऊस. आणि वास परत आलाय! पहिल्या दिवसासारखा! जनावर तर गेलं, मग हे काय?

गंधकधारी | २२ मे, रात्री ८:३८

हे सांगायचं राहिलं, चूक माझी. फवाऱ्यात थायॉलबरोबर थायोॲसिटेट नावाची त्यांची भावंडं असतात. ती स्वतः फारशी वास मारत नाहीत. पाणी लागलं की हळूहळू फुटून थायॉल होतात. म्हणून पाऊस पडला, दमट हवा सुटली, की लाकडातून वास पुन्हा उठतो. कुत्रा भिजला की महिन्याने पुन्हा येतो तोही यामुळेच. घरात कोणी काही चुकलं नाही.

लाकूड सुकलं की डेकच्या खालच्या फळ्या आणि खांब एकदा ब्लीचने धुवा, एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी. रंग उडतो का ते आधी कोपऱ्यात बघा. ब्लीच चकलीवर नाही, पेरॉक्साइडबरोबर नाही, व्हिनेगर किंवा अमोनियाच्या क्लीनरबरोबर तर कधीच नाही, विषारी वायू सुटतो. मिश्रण टाकलेली जागा आधी पाण्याने खळखळून धुऊन घ्या. हे करताना झाडं झाका.

घरातला उरलेला वास बहुतेक एसीमधून फिरतोय. फिल्टर बदलून बघा.

बागुलबुवा | २२ मे, रात्री ९:०२

आमच्या गल्लीत एप्रिल २०२२ पासून दर शनिवारी हाच वास येतो. त्याला चार पाय नसतात, दुकानातून कायदेशीर आणलेला असतो. :फिदी:

गंधकधारी | २२ मे, रात्री ९:०९

गांजातही गंधकाचंच थायॉल कुळ असतं, तेव्हा नाकाची चूक नाही. हिंगातही गंधकाचीच संयुगं. आईंच्या डब्याला शेजारी काय म्हणत असतील कोण जाणे.

हिरवळवाला | २३ मे, सकाळी ७:१५

हिरवळीत सुपारीएवढे, निमुळते खड्डे पडले होते का एप्रिलमध्ये? बोटाने उकरल्यासारखे?

शेवंती_०७ | २३ मे, सकाळी ७:४०

हो! आम्ही खारींना शिव्या देत होतो.

हिरवळवाला | २३ मे, सकाळी ८:०५

खारी नव्हेत, तोच तुमचा पाहुणा. गवताच्या मुळाशी पांढऱ्या, इंग्रजी सी सारख्या वळलेल्या अळ्या असतात, जपानी भुंग्याच्या. स्कंकला त्या म्हणजे आपल्याला भजी. हा भुंगा अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तोच मुळी आपल्या राज्यात, रिव्हरटनजवळ, १९१६ मध्ये. तेव्हापासून न्यू जर्सीच्या हिरवळी म्हणजे त्यांची खानावळ.

एक फूट चौकोनातलं गवत चटईसारखं उचलून अळ्या मोजा. दोन-चार असतील तर सोडून द्या. दहाच्या वर असतील तर ऑगस्टअखेरीस अळ्या लहान असताना उपयोगी सूत्रकृमी (अळ्यांना मारणारे बारीक जंत) सोडा, संध्याकाळी, ओल्या मातीत. आत्ता मेमध्ये अळ्या मोठ्या झाल्यात, आत्ता औषध मारणं म्हणजे पैसे जाळणं.

वैतागराव | २३ मे, सकाळी ८:३०

एवढं पुराण कशाला? उंदराच्या विषाचे गोळे टाका डेकखाली. ना स्कंक, ना कटकट.

रानवाटा | २३ मे, सकाळी ८:४४

विष खाल्लेलं जनावर कुठे जाऊन मरतं? डेकखालीच. धागा पुन्हा वरून वाचा.

आणि ते खाऊन सुस्तावलेला उंदीर घुबड उचलतं. शिंगळ्या जातीचं मोठं घुबड हा स्कंकला सहज मारून खाणारा मोजक्या शिकाऱ्यांतला एक, त्याला वासाचं फारसं काही वाटत नाही. फुकटचा राखणदार का मारता? घरात बीगल आहे ते वेगळंच.

शेवंती_०७ | २६ मे, सकाळी ९:३०

रांगोळीचा अहवाल.

पहिल्या रात्री ठसे होते! मागच्या पायाचा अंगठा बाजूला काढलेला, लहान मुलाच्या पंजासारखा. फोटो पुनर्वसनवाल्या बाईंना पाठवला. ऑपॉसम (उंदरासारख्या शेपटीचा इथला निशाचर प्राणी), म्हणाल्या, मढ्याच्या वासाने आला असेल. चालण्याइतकी मोठी पिल्लं असती तर एव्हाना भुकेने दिवसाढवळ्या बाहेर आली असती, तरी अजून तीन रात्री बघा, म्हणाल्या. गुरुवारची रांगोळी पावसाने धुतली, ती मोजली नाही. शुक्रवारी काही नाही. शनिवारी काही नाही. आज सकाळी रांगोळीच्या मधोमध रॉबिन पक्ष्याच्या पायांची नक्षी, आत भोकाकडे नाही, वाफ्याकडे गेलेली.

आईने ती पुसू दिली नाही. फोटो काढून सांगलीला मावशीला पाठवलाय.

आज सुट्टी आहे, नवरा चर खणतोय, फूटभर खोल, जाळी खाली जाऊन बाहेरच्या बाजूला वळवायची आहे म्हणजे कोणी उकरलं तरी जाळीच लागेल.

रानवाटा | २६ मे, सकाळी ९:४१

अर्ध्या इंचाचं हार्डवेअर क्लॉथ (जाड तारेची जाळी) घेतलंत ना? कोंबड्यांची जाळी नको, ती दाताने तुटते. आणि ८११ ला फोन?

शेवंती_०७ | २६ मे, सकाळी ९:५२

अर्ध्या इंचाचंच. ८११ ला बुधवारीच फोन केला होता. गॅसची पिवळी खूण बरोबर मेथीतून गेली आहे.